परदेशात टॅब चार्ज करण्यासाठी कोणता ट्रॅव्हल ॲडॅप्टर घ्यावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरं भारतात घेतलेला टॅब आणि त्याचा भारतातलाच चार्जर घेऊन बाहेर जाणाऱ्यांसाठी आहेत. हे आधीच सांगायचं कारण म्हणजे इंटरनेटवर या विषयावर जे सापडतं, त्यातलं बरंचसं अमेरिकन किंवा ब्रिटिश प्रवाशाच्या सोयीने लिहिलेलं असतं. त्याच्या पिना चपट्या, आपल्या गोल. त्याच्यासाठी केलेली यादी आपल्याला लागू पडेलच असं नाही.

ट्रॅव्हल ॲडॅप्टर नेमकं काय करतो?

पिनांचा आकार बदलतो, एवढंच. आपला गोल पिनांचा प्लग एका बाजूने आत जातो, दुसऱ्या बाजूने त्या देशाच्या पिना बाहेर येतात. व्होल्टेज जसंच्या तसं पुढे जातं. दुकानात याला ‘कन्व्हर्जन प्लग’ म्हणतात आणि तसंच मागितलं तर लवकर मिळतं. टॅब बनवणाऱ्या कंपन्या चार्जरलाच ‘पॉवर ॲडॅप्टर’ म्हणतात, त्यामुळे गोंधळ होतो. इथे चार्जर म्हणजे टॅबसोबत आलेला ठोकळा आणि ॲडॅप्टर म्हणजे भिंतीतलं सॉकेट आणि तो ठोकळा यांच्या मध्ये येणारी वस्तू.

तिकडे ११० व्होल्ट असतं म्हणे. टॅब जळणार तर नाही ना?

चार्जर हातात घ्या आणि पिनांच्या बाजूला किंवा पोटावर छापलेली बारीक अक्षरं वाचा. करड्यावर पांढरी किंवा पांढऱ्यावर करडी असतात, दिसत नाहीत. मोबाइलने फोटो काढून मोठा करा. त्यात ‘इनपुट’ या शब्दापुढे १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं काहीतरी असेल. गेल्या कित्येक वर्षांतल्या जवळपास प्रत्येक टॅबच्या चार्जरवर हेच आकडे असतात. असतील तर विषय संपला.

जपानमध्ये घरातली वीज १०० व्होल्ट, अमेरिका-कॅनडात १२०, तैवानमध्ये ११०, युरोप-ब्रिटन-ऑस्ट्रेलियात आपल्यासारखी २३०. सगळे आकडे त्या पट्ट्यात बसतात. हर्ट्झचीही काळजी नको, कारण चार्जर आलेली वीज आधी डीसी करतो आणि मग टॅबला लागेल तेवढी खाली आणतो. टोकियोत ५० हर्ट्झ आणि ओसाकात ६०, एकाच देशात दोन्ही, तरी चार्जरला फरक पडत नाही. ‘कमी व्होल्टमुळे चार्जिंग हळू होतं’ हाही गैरसमज आहे. चार्जरमधून बाहेर पडणारे वॉट तेवढेच राहतात.

मग तो जाडजूड व्होल्टेज कन्व्हर्टर घ्यायला सांगतात, तो कशासाठी?

टॅबसाठी नाही. तो फक्त २२०-२४० व्होल्टवर चालणाऱ्या वस्तूंसाठी असतो : इलेक्ट्रिक किटली, हेअर ड्रायर, इस्त्री, मिक्सर. २३० व्होल्टची किटली अमेरिकेत लावली तर तिची ताकद जेमतेम पाव उरते आणि चहाचं आधण उकळायची वाट बघत बसावं लागतं. मिक्सर न्यायचाच असेल तर ११० व्होल्टवर चालणारे भारतीय धाटणीचे मिक्सर अमेरिकेतच मिळतात, हे लक्षात असू द्या. टॅबसाठी म्हणून कुणी कन्व्हर्टर गळ्यात मारत असेल तर दुसरं दुकान गाठा.

कोणत्या देशात कोणत्या पिना लागतात?

जगात प्लगच्या प्रकारांना ए, बी, सी अशी अक्षरं आहेत, पण दुकानात ‘टाइप सी’ म्हटलं की हातात यूएसबीची केबल येते. म्हणून इथे आकारानेच सांगतो.

तीन जाड चौकोनी पिना : ब्रिटन, आयर्लंड, दुबई-अबूधाबी, ओमान, कतार, सौदी, सिंगापूर, मलेशिया, हाँगकाँग, माल्टा, केनिया. आपल्याकडून जाणाऱ्यांना सर्वांत जास्त लागणारा ॲडॅप्टर हाच. मॉरिशसमध्येही हा लागतो, पण तिथे दोन गोल पिनांची सॉकेटंही दिसतात. मालदीवमध्ये बहुतेक हाच. श्रीलंकेत नव्या इमारतींत हा, जुन्यांत आपल्यासारखी तीन गोल भोकं.

दोन चपट्या उभ्या पिना : अमेरिका, कॅनडा, मेक्सिको, जपान, तैवान. अमेरिकेत खाली अर्थिंगचं तिसरं भोकही असतं. जपानमध्ये बहुतेक ठिकाणी ते नसतं, म्हणून जपानसाठी तीन पिनांचा अमेरिकन ॲडॅप्टर नेऊ नका, दोनच पिनांचा न्या. तो अमेरिकेतही चालतो.

दोन तिरप्या चपट्या पिना : ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, फिजी. चीनमध्येही अशी सॉकेटं आहेत, पण शेजारी दोन पिनांसाठी वेगळी भोकंही बहुधा असतात.

दोन गोल पिना : युरोपचा बहुतेक भाग, तुर्कस्तान, बाकू, जॉर्जिया, कझाकस्तान, इजिप्त, बाली. थायलंड आणि व्हिएतनाममधली बरीच सॉकेटं गोल आणि चपट्या दोन्ही पिना घेतात, तिथे आपला टू-पिन चार्जर सहसा तसाच लागतो.

नेपाळला काही न्यायला नको.

दक्षिण आफ्रिकेची एक गंमत आहे. आपल्याकडे गीझर आणि एसीला जो १६ अँपिअरचा जाड तीन पिनांचा टॉप असतो, तोच तिथला जुना घरगुती प्लग. नव्या इमारतींत मात्र छोटी, षटकोनी खाचेची सॉकेटं येऊ लागली आहेत आणि त्यांत बारीक दोन पिना बसतात. तिथे जाताना दोन्ही सोयी जवळ ठेवा.

आपला टू-पिन चार्जर युरोपात तसाच बसतो ना?

कधी बसतो, कधी नाही. कारण पिनांपेक्षा चार्जरच्या अंगात दडलेलं असतं.

जर्मनी, ऑस्ट्रिया, नेदरलँड्स, स्पेन इथलं सॉकेट भिंतीत सपाट नसतं. ती साधारण पावणेदोन सेंटिमीटर खोल गोल वाटी असते आणि भोकं तिच्या तळाशी. फ्रान्स, बेल्जियम, पोलंड, चेकियातही तशीच वाटी, शिवाय तिच्यातून अर्थिंगची एक पिन बाहेर डोकावते. आपल्या चार्जरच्या पिना सुमारे १९ मिलिमीटर लांब. म्हणजे चार्जरचं तोंड वाटीत शिरलं नाही, तर पिनांची जेमतेम टोकं तळाला टेकतील. बऱ्याच फोन-टॅबच्या चार्जरला पिनांच्या बाजूने निमुळता भाग मुद्दाम याच कारणासाठी दिलेला असतो, ते व्यवस्थित बसतात. रुंद, चौकोनी तोंडाचा जड चार्जर मात्र बाहेरच लटकतो.

दुसरी गोष्ट पिनांच्या जाडीची. युरोपची बारीक टू-पिन ४ मिलिमीटर जाडीची असते. भारतात काही चार्जरच्या पिना तेवढ्याच असतात, काहींच्या त्याहून जाड. जर्मन सॉकेट ४.८ मिलिमीटरपर्यंतची पिन घेतं, त्यामुळे तिथे निभावतं. पुढे स्वित्झर्लंड आणि इटली लागले की निभावत नाही.

पॅरिस-स्वित्झर्लंड-इटली टूर आहे. एकच ॲडॅप्टर पुरेल का?

पुरेल, पण योग्य तो घेतलात तर. या टूरवर सगळ्यांत जास्त फजिती स्वित्झर्लंडमध्ये होते. तिथल्या भिंतीतलं सॉकेट म्हणजे छोटा षटकोनी खळगा आणि त्यात तीन बारीक भोकं, मधलं किंचित बाजूला सरकलेलं. ‘युरोप’ असं लिहिलेला जाड, गोल अंगाचा जर्मन पद्धतीचा ॲडॅप्टर त्या षटकोनात शिरतच नाही. मोठा चौकोनी युनिव्हर्सल ॲडॅप्टरही पुष्कळदा काठावर अडतो, पिना भोकांपर्यंत पोहोचतच नाहीत. इंटरलाकेन किंवा एंगेलबर्गच्या हॉटेलात रात्री दहाला रिसेप्शनसमोर ॲडॅप्टर मागणाऱ्यांची जी रांग लागते, ती याचमुळे. रिसेप्शनकडे दोन-चार असतात आणि पहिल्या बसमधली मंडळी ते घेऊन गेलेली असतात.

इटलीत एका रेषेत तीन भोकं. त्यातही दोन मापं, १० अँपिअरचं लहान आणि १६चं मोठं. बारीक टू-पिन लहान मापात नीट बसते. नव्या सॉकेटांत दोन्ही मापं एकत्र असतात.

तेव्हा या टूरसाठी घ्यायचा तो बारीक ४ मिलिमीटरच्या दोन पिनांचा, चपट्या आणि अरुंद अंगाचा ॲडॅप्टर. हा फ्रान्स, जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, इटली, अगदी डेन्मार्कलाही चालतो. त्याची मर्यादा २.५ अँपिअर, म्हणजे २३० व्होल्टवर ५७५ वॉट. टॅबला २० ते ४५ वॉट लागतात, त्यामुळे भरपूर झाली. त्यावर किटली मात्र लावायची नाही. लंडन त्याच टूरमध्ये असेल तर तीन चौकोनी पिनांचा वेगळा घ्यावाच लागेल.

दुबईत पेन खुपसून टू-पिन लावता येते असं भाऊजींनी सांगितलं. करू का?

नको. ब्रिटिश पद्धतीच्या सॉकेटमध्ये खालच्या दोन भोकांवर झडप असते आणि वरची अर्थिंगची पिन आत गेली की ती उघडते. पेनाच्या टोपणाने किंवा किल्लीने झडप ढकलून टू-पिन घुसवण्याची युक्ती आखातात पिढ्यान्पिढ्या चालू आहे, लोक ती अभिमानाने शिकवतात. पण आतली पट्टी चौकोनी पिनेसाठी घडवलेली असते. गोल पिन तिला एका कडेने चाटून बसते. संपर्क अर्धवट, म्हणून जागा तापते.

शिवाय त्या देशांच्या प्लगमध्ये स्वतःचा फ्यूज असतो, ३ किंवा १३ अँपिअरचा. ब्रिटनमध्ये घरातली सॉकेटं एकाच ३२ अँपिअरच्या वर्तुळाकार वायरिंगवर जोडलेली असतात. तिथे काही बिघडलं तर तुमच्या चार्जरला वाचवणारा फ्यूज प्लगमधलाच. पेन खुपसून तो वगळला जातो. किल्लीबद्दल तर बोलायलाच नको. कन्व्हर्जन प्लग घ्या, आत फ्यूज आहे का बघा.

‘दीडशे देशांत चालतो’ असा युनिव्हर्सल घ्यावा की एका देशापुरता?

माझं मत एका देशापुरता. दीडशे देशांना तुम्ही जाणार नाही. युनिव्हर्सलमध्ये पिना आत-बाहेर सरकवायच्या कळा असतात. त्या ढिल्या होतात, लावताना पिन मागे सरकते. वजनही जास्त. अमेरिकेतली जुनी, झिजलेली सॉकेटं आणि विमानतळावरची बाकं यांतून असा जड ठोकळा स्वतःच्या वजनाने खाली येतो आणि सकाळी कळतं की टॅब रात्रभर नुसताच पडून होता.

कामानिमित्त वर्षभर वेगवेगळ्या खंडांत फिरणाऱ्याने युनिव्हर्सल जरूर घ्यावा. पण पिनांचे तुकडे वेगवेगळे निघतात, तसल्या संचाचाही विचार करावा.

विकत घेताना काय तपासायचं?

सर्वांत आधी तोंड, म्हणजे आपला प्लग जिथे जातो ती बाजू. इथेच बहुतेकांची फसगत होते. ऑनलाइन ‘इंडिया ॲडॅप्टर’ शोधलं तर पुष्कळदा भारतात येणाऱ्या परदेशी माणसाचा ॲडॅप्टर समोर येतो : तोंड अमेरिकन, पिना आपल्या. आपल्याला बरोबर उलटा हवा. युनिव्हर्सलच्या तोंडात बारीक टू-पिन जाते, पण लॅपटॉपचा किंवा एक्स्टेन्शन बोर्डचा जाड थ्री-पिन टॉप कित्येकांत जात नाही. म्हणून शक्यतो दुकानात जा आणि जाताना आपला चार्जर खिशात घेऊन जा. पुण्यात तापकीर गल्ली, मुंबईत लोहार चाळ किंवा लॅमिंग्टन रोड. काउंटरवर चार्जर लावून बघा, उलटा धरून हलकेच हलवा. घट्ट राहायला हवा. खुळखुळत असेल तर परत द्या. विमानतळावर हीच वस्तू मिळते, पण भाव विचारून जीव हळहळतो.

मग छापील मजकूर. कमाल व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले नसतील तर घेऊ नका. नवा चार्जरही घेणार असाल तर त्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा), आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा.

ॲडॅप्टरलाच यूएसबी पोर्ट आहेत. चार्जर घरी ठेवला तर?

वॉटचा हिशेब करा. साधारण दहा इंची टॅबची बॅटरी २८-३० वॉट-तासांची असते. जुन्या चौकोनी यूएसबी पोर्टमधून ५ व्होल्ट, १ अँपिअर म्हणजे ५ वॉट मिळाले तर पूर्ण चार्ज व्हायला सहा-सात तास जातात, आणि त्या वेळी मुलं त्यावर कार्टून बघत असतील तर टक्के वाढण्याऐवजी कमीच होतात. काही आयपॅड अशा पोर्टवर ‘नॉट चार्जिंग’ असंच दाखवतात. २.४ अँपिअरच्या पोर्टवर १२ वॉट, हे रात्रभरासाठी ठीक. यूएसबी-सीवर पॉवर डिलिव्हरी (जलद चार्जिंगची पद्धत, डब्यावर ‘पीडी’ लिहितात) असेल आणि ९ व्होल्टचा आकडा छापलेला असेल तर २० वॉटच्या आसपास मिळतं, मग अडीच-तीन तासांत काम होतं.

खोड अशी, की डब्यावरचा मोठा आकडा सगळ्या पोर्टांचा मिळून असतो. दुसरा फोन लावला की टॅबचा वाटा कमी होतो. माझा सल्ला : टॅबचा मूळ चार्जर न्या, ॲडॅप्टर साधा घ्या.

आम्ही चौघं, टॅब एक, फोन चार, घड्याळं दोन. चार ॲडॅप्टर घ्यायचे का?

एक ॲडॅप्टर आणि चार-पाच पोर्टांचा एक चांगला, ६५ किंवा १०० वॉटचा चार्जर. सगळ्यांत सुटसुटीत हेच. घरातलं एक्स्टेन्शन बोर्ड न्यायलाही हरकत नाही, सगळ्यांचे चार्जर मिळून शंभर-दीडशे वॉटच्या वर क्वचितच जातात. फक्त त्याचा टॉप थ्री-पिन असणार, ॲडॅप्टरचं तोंड तो घेतं का ते आधी बघा. आणि त्याच बोर्डवर कुणीतरी हमखास किटली लावतं, त्याच्यावर नजर ठेवा. क्रूझवर जाणार असाल तर स्पाइक गार्ड नेऊ नका. सर्ज प्रोटेक्शन असलेले बोर्ड बऱ्याच क्रूझ कंपन्या चढतानाच काढून घेतात.

ॲडॅप्टरला अर्थिंग नाही. चालेल?

टॅबला चालेल. चार्जरवर एका चौकोनात दुसरा चौकोन अशी खूण असेल तर त्याला अर्थिंगची गरजच नाही. धातूच्या पाठीच्या टॅबवर चार्जिंग चालू असताना हात फिरवला की कधी कधी बारीक झिणझिण्या येतात, तो शॉक नव्हे. पण चार्जिंगला लावल्यावर स्क्रीन आपोआप उघड-मीट करू लागला, बोट ठेवलेलं एकीकडे आणि उमटतंय भलतीकडे, तर चार्जर हलक्या दर्जाचा आहे असं समजा आणि तो बदला.

रात्री लावलेला टॅब हॉटेलात चार्जच होत नाही. ॲडॅप्टर खराब आहे का?

आधी दाराजवळ बघा. पुष्कळ हॉटेलांत कार्ड खाचेत असेल तरच खोलीत वीज असते. तुम्ही जेवायला खाली गेलात, कार्ड नेलंत, चार्जिंग थांबलं. टीव्हीमागचं किंवा फ्रिजशेजारचं सॉकेट कधी कधी या व्यवस्थेबाहेर असतं, ते करून बघा. काही अमेरिकन खोल्यांत अर्धं सॉकेट दिव्याच्या बटणावर असतं, दिवा घालवला की वीज गेली. ब्रिटन, सिंगापूर, ऑस्ट्रेलियात सॉकेटला आपल्यासारखं बटण असतं, ते दाबायला विसरू नका. युरोप-अमेरिकेत बटणच नसतं, प्लग लावताना बारीक ठिणगी दिसली तर घाबरू नका.

ब्रिटनमध्ये बाथरूममधलं ‘फक्त शेव्हरसाठी’ लिहिलेलं टू-पिन सॉकेट आयतं वाटतं, पण ते फार तर वीसेक वॉटपुरतं असतं. टॅब तिथे लावू नका.

आई-बाबा सहा महिन्यांसाठी मुलाकडे अमेरिकेत चाललेत. त्यांना काय द्यावं?

फारसं काही नको. टॅबला यूएसबी-सी असेल तर फक्त केबल द्या, मुलाच्या घरचा कुठलाही बरा चार्जर चालेल. युरोपीय संघात तर २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोन-टॅबला यूएसबी-सी सक्तीचंच आहे, त्यामुळे तिथे मुलगी असली तरी हेच. वाटेत विमानतळासाठी म्हणून एक चपट्या पिनांचा छोटा ॲडॅप्टर हातातल्या पिशवीत टाका. मधे दुबई किंवा लंडनला विमान बदलायचं असेल तर तिथली पिन वेगळी आहे, म्हणून टॅब घरूनच शंभर टक्के करून द्या. सार्वजनिक यूएसबी पोर्टला लावल्यावर टॅबने ‘या कॉम्प्युटरवर विश्वास ठेवायचा का’ असं विचारलं तर ‘नाही’ म्हणायचं, एवढं त्यांना सांगून ठेवा.

ॲडॅप्टर आणि पॉवर बँक कोणत्या बॅगेत?

ॲडॅप्टर आणि चार्जर कुठेही. पॉवर बँक फक्त केबिन बॅगेत, चेक-इनमध्ये कधीच नाही. मर्यादा १०० वॉट-तास. २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ वॉट-तासांची होते, ती चालते. पण न्यायला चालते म्हणजे वापरायला चालते असं नाही. सिंगापूर एअरलाइन्सने १ एप्रिल २०२५ पासून आणि एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात पॉवर बँकने काही चार्ज करायला बंदी घातली आहे. एमिरेट्समध्ये माणशी एकच नेता येते. चीनमधल्या अंतर्गत विमानांत २८ जून २०२५ पासून पॉवर बँकवर तिथलं थ्री-सी प्रमाणचिन्ह लागतं, नसेल तर सुरक्षा तपासणीतच सोडून जावी लागते.

ॲडॅप्टर अचानक मेला. फेकून देऊ?

शेवटी त्यावर काय लावलं होतं ते आठवा. हेअर ड्रायर किंवा किटली असेल तर फ्यूज उडाला असणार. युनिव्हर्सल ॲडॅप्टरच्या तोंडाशी छोटं झाकण असतं, नखाने किंवा नाण्याने उघडतं, आत काचेची नाहीतर चिनी मातीची नळी. खोक्यात बहुधा एक जादा दिलेला असतो, म्हणून खोकं फेकायच्या आधी तो काढून चार्जरच्या पाऊचमध्ये ठेवा. नवा घालताना तेवढ्याच अँपिअरचा घाला. चंदेरी कागद गुंडाळून चालू करायचा देशी उपाय इथे नको. ॲडॅप्टर भिंतीतून काढल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. प्लास्टिक पिवळं पडलं असेल किंवा जळका वास येत असेल, तर मात्र फ्यूज बदलत बसू नका, टाकून द्या.